पुकारलेला आहेर

भागिरथाबाई गेल्याचं कळलं तेव्हा दौलतराव दाढी करत होते. बायको अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होती. पोरगी तिच्याजवळ होती. दौलतराव फक्त एका रात्रीसाठी, धुतलेले कपडे न्यायला मंगरूळपीरला घरी आले होते आणि सकाळच्या गाडीनं परत निघणार होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता, तेवढ्यात फोन वाजला. स्नेहा म्हणाली, "बाबा, लवकर या." तिला पुढं बोलता आलं नाही. दौलतराव म्हणाले, "हो."

मग दिवसभर ते हो म्हणत राहिले. गाडी करायची का? हो. इकडंच आणायचं ना? हो. माती आज करायची की उद्या सकाळी? हो. शेजारच्या कमलीबाईंनी विचारलं, "भाऊजी, दोन्हीतलं कोणतं?" त्यालाही हो. अर्ध्या दाढीनं ते अकोल्याला गेले आणि अर्ध्या दाढीनंच मातीला उभे राहिले. लोकांना वाटलं, दुःखानं माणूस असा होतो. उजवा गाल तिसऱ्या दिवशी झाला, तोही स्नेहानं हाताला धरून न्हाव्याकडं नेलं म्हणून.

त्याच आठवड्यात जलदान विधी आटोपून मंडप सुटत होता, तेव्हा मुलगा उत्कर्ष जवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, हे घर विकून टाकू अन् तुमी आमच्यासंग पुण्याले चाला. चालते ना?"

दौलतराव म्हणाले, "हो."

त्या आठवड्यातले बाकीचे सगळे होकार त्याच आठवड्यात संपले. हा एकच पाच महिने जिवंत राहिला, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रंगाचे डबे घेऊन दारात उभा राहिला.

*

घर विकायचं तर आधी ते नटवावं लागतं, असं उत्कर्षनं मोबाईलवर पाहिलं होतं. पुण्यातल्या कंपनीतून त्यानं दहा दिवसांची रजा काढली होती, आणि रोज सकाळी तो एक नवा व्हिडिओ पाहून अंगणात येई. सामान कमी केलं की खोली मोठी दिसते. भिंती फिक्या केल्या की उजेड वाढतो. आणि घरातल्या माणसांच्या खाणाखुणा काढून टाकल्या की गिऱ्हाइकाला घर आपलं वाटू लागतं.

"कोणाच्या खाणाखुणा?" दौलतरावांनी विचारलं.

"आपल्या, बाबा."

"मंग तं लई काम हाये," दौलतराव म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

काम खरंच खूप होतं, पण ते भराभर होऊ लागलं. इतकं भराभर की दौलतरावांना पाहवेना. मोरीच्या दाराला अकरा वर्षं कडी नव्हती. अकरा वर्षं भागिरथाबाई आतून बादली लावून अंघोळ करायच्या आणि पाऊल वाजलं की खोकायच्या. पाहुण्यांनाही येताच सांगितलं जाई, की आत गेलं की खोकत राहा. दौलतराव दर रविवारी म्हणत, "उद्या लावतो." एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते, पाना-पक्कड घरातच होती. उत्कर्षनं सुतार बोलावला. सुतारानं दहा मिनिटांत कडी लावली आणि चहा पिऊन गेला. दौलतराव आत गेले, कडी लावली, काढली, परत लावली. बराच वेळ ते आतच होते. बाहेरून स्नेहानं विचारलं, "बाबा, काय झालं?" तेव्हा ते सवयीनं खोकले.

तर दौलतरावांना हे घर विकायचं नव्हतं. त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. सकाळी उठून दर्ग्याच्या रस्त्यानं फिरून यायचं, डेपोत जाऊन जुन्या माणसांसोबत अर्धा कप चहा प्यायचा, आणि दुपारी ज्या ओट्यावर भागिरथाबाई तूर निवडत बसायच्या त्या ओट्यावर बसायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. पण हे ते सांगू शकत नव्हते. एक तर शब्द देऊन बसले होते. दुसरं म्हणजे, या घरात नाही म्हणायचं काम कधी त्यांच्याकडं नव्हतंच. ते खातं भागिरथाबाईंचं. उसनं मागणारा आला, विमावाला आला, दौलतरावांना कुठंतरी ओढून नेऊ पाहणारा मित्र आला, सगळ्यांना त्याच नाही म्हणायच्या, तेही असं की माणूस हसत परत जाई. दौलतराव बाजूला बसून मान हलवत. बत्तीस वर्षांच्या संसारात ज्यानं कधी गिअर टाकला नाही त्याला घाटात गाडी चालव म्हटलं तर काय होईल, तसं त्यांचं झालं होतं.

मग त्यांनी आडमार्ग धरला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, कापड दुकानदार. त्यानं विचारलं, पाणी कसं आहे? दौलतराव म्हणाले, "भरपूर. पावसाळ्यात तं वरून येते."

दुसऱ्यानं विचारलं, शेजार कसा आहे? दौलतराव म्हणाले, "लई चांगला. भिंतीतून सगळं आयकू येते. आमाले कधी टीव्ही लागला नाई." हे कमलीबाईंनाही भिंतीतून ऐकू गेलं, आणि दोन दिवस तिकडून भाजीची वाटी आली नाही.

त्यानंतर उत्कर्षनं फर्मान काढलं की गिऱ्हाईक आल्यावर बाबांनी बोलायचं नाही. विचारलं तरी नाही.

"मंग मी काय करू?"

"हसा," उत्कर्ष म्हणाला.

स्नेहा तेव्हा भावाच्या बाजूनं होती. ती अकोल्याला नर्स होती, सुट्टी काढून आली होती. तिला वडिलांचं बीपी पाठ होतं. ती म्हणाली, "बाबा, दादा बरोबर म्हणून राह्यला. इथं एकटं कसं राहसान?" दौलतराव हसले. सांगितलंच होतं तसं.

आता तिसरं गिऱ्हाईक येणार होतं आणि ते पक्कं होतं. जगदेव सर, शाळेवर मास्तर, भाड्याच्या घराला कंटाळलेले, साधे, आणि न दिसणाऱ्या गोष्टी न विचारणारे. रविवारी दुपारी ते बायकोला घर दाखवायला आणणार होते. राहिली होती फक्त एक सही. घराची जागा दौलतरावांच्या वडिलांच्या नावावरची, म्हणून बहिणीचं संमतीपत्र लागणार होतं. वकिलानं कागद करून दिला होता. त्यावर धुरपताबाईंचं नाव छापलेलं होतं आणि खाली रेघ रिकामी होती.

ती रिकामी रेघ पाहून दौलतरावांना पाच महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

धुरपताबाई त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, धनजला दिलेली, आणि रुसण्यात सगळ्या गोतावळ्यात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. उत्कर्षच्या लग्नपत्रिकेत तिचं नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून तिनं मांडवाबाहेर उभं राहून जेवण केलं होतं. दोनदा केलं होतं, पण बाहेरच. नावावर ती फार जपायची. अशा बाईच्या नावाचा अपमान सही करायच्या दिवशीच झाला, तर सही काय, ती पेनलाही हात लावणार नाही.

रविवारी पहाटे पोरं झोपलेली असताना दौलतरावांनी शिडी लावली आणि माळ्यावरून पितळेचा गुंड खाली काढला. चांगला मोठा, पाणी भरायचा गुंड. स्वयंपाकघरात फिल्टर बसवल्यावर स्नेहानं तो पुसून वर ठेवला होता. त्याच्या गळ्याशी टोचून टोचून नाव घातलं होतं: 'धुरपताबाई, धनज, यांजकडून घरभरणीनिमित्त सप्रेम भेट.' साल चौऱ्याण्णव.

*

भंगारवाला हरिसिंग दहा वाजता हातगाडी घेऊन आला. मोडका कूलर, दोन खुर्च्या, गळकी बादली असं करत त्यानं गाडी भरली. गुंड हातात घेतला आणि थांबला.

"काकाजी, हा तं पितळ हाये. लोखंडात काहून टाकला?"

"असू दे."

"मंग बुडाशी टाकतो, पडन नाई तं."

"बुडाशी नाई, वर ठेव. वर. अन् थोडा फिरव." दौलतराव ओट्यावरून हातानं दाखवू लागले, जसं गाडी मागं घेताना कंडक्टर दाखवतो. "अजून. अजून. हां, बस. फाटकाकडे तोंड राहू दे."

"कोणाचं तोंड?"

"नावाचं."

हरिसिंगनं त्यांच्याकडं पाहिलं, गुंडाकडं पाहिलं, आणि तंबाखू मळायला घेतली.

अर्ध्या तासानं धुरपताबाई आली. बसमधून उतरून चालत आली होती. फाटकाबाहेरूनच तिचा आवाज सुरू झाला.

"जय भीम, दौलत! हा कायचा रंग देऊन राह्यले? घर हाये का बिस्कुटाचा पुडा?"

"आत्याबाई, सध्या हाच चालते," उत्कर्षनं शिडीवरच्या रंगवाल्याकडं पाहत सांगितलं.

"चालते म्हणते! तुही माय असती तं ह्या माणसाले शिडीसकट वापस धाडला असता." ती पदरानं वारा घेत आत शिरली. "पाणी आन व स्नेहा. अन् तू वाळली काहून इतकी? दवाखान्यातल्या औषधी तूच खातं का?"

"या आत्याबाई, बसा," स्नेहा हसत म्हणाली. "कागद मांडून ठेवला हाये दादानं. तुमची वाटच पाहून राह्यलो."

"कागद पळून जाते काय? बसू तं दे."

आणि तेव्हा तिची नजर हातगाडीकडं गेली.

दौलतरावांनी खुर्ची जरा मागं ओढून घेतली. पत्रिकेच्या वेळी ते पुढं बसले होते, तेव्हा त्यांना एक बुंदीचा लाडू लागला होता.

धुरपताबाई गाडीजवळ गेली. तिनं गुंड उचलून कडेवर घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं फारसं, पण आपलं नाव ती ओळखायची.

"हा कोणं टाकला?" ती म्हणाली.

आवाज बारीक होता. दौलतरावांना वाटलं, वादळाआधी असंच असतं.

उत्कर्षनं स्नेहाकडं पाहिलं. स्नेहानं बापाकडं पाहिलं. बाप छपराकडं पाहत होता.

"आत्याबाई, मी नाई," उत्कर्ष घाबरून म्हणाला. "मी तं हा पाह्यलाबी नाई."

"पोरं साफसफाई करून राह्यले, बाई," दौलतराव छपराला म्हणाले. "आपण म्हाताऱ्या माणसानं काय बोलावं? पण तुह्या नावाचा गुंड मोडीत गेला, ते पाहून मले लई वाईट वाटलं. मी असतो तुह्या जागी तं..."

"चूप बस," धुरपताबाई म्हणाली. ती गुंड घेऊन ओट्यावर टेकली. तिथंच, जिथं भागिरथाबाई बसायच्या. रागाचं काही चिन्ह दिसेना. दौलतरावांनी खुर्ची इंचभर पुढं घेतली.

"हा गुंड माहा नाई," ती म्हणाली.

"नाव तं तुहंच हाये!"

"नाव माहं हाये. गुंड तिचा हाये. भागिरथेचा."

रंगवाल्याचा ब्रश थांबला. हरिसिंगचा तंबाखूचा हात थांबला.

"त्या साली तुहे भाऊजी वीटभट्टीवर गेलते," धुरपताबाई पोरांकडं न पाहता सांगू लागली. "तीन महिने झाले, ना माणूस ना निरोप. घरभरणीचा सांगावा आला. मी रिकामी आली. पदरात पायलीभर तूर, बाकी काई नाई. तुमाले ठाऊक हाये, तवा आहेर लाउडस्पीकरवर पुकारत. कोणाचं नाव, कोणतं गाव, काय देल्लं. सगळ्या मंगरुळाले आयकू जाये. मी म्हटलं, मी सख्खी बहीण, माह्या नावापुढं काय पुकारतीन? पायलीभर तूर? आदल्या दिवशी मी पोटात दुखते म्हणून वापस निघाली होती. फाटकापर्यंत गेली होती, ह्याच."

तिनं नाक पुसलं.

"भागिरथा मांगून आली. मले मोरीमांगं घेऊन गेली. पोत्यात गुंड होता. म्हणे, बाई, हा तुमी आणला. नाव टाकून आणला तुमी. म्या म्हटलं, म्या कवा आणला? म्हणे, तुमी इसरल्या. अन् यायले बिलकुल सांगू नका, यायच्या पोटात काई राहत नाई."

स्नेहाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिनं ओढणी तोंडाला लावली.

"दुसऱ्या दिवशी पुकारलं. धुरपताबाई, धनज, पितळेचा गुंड. म्या तवा आयुष्यात पहिल्यांदा माहं नाव भोंग्यातून आयकलं." तिनं गुंडावरचं नाव पदरानं पुसलं. "त्याच्यानंतर मी जवा जवा आली, तवा चार माणसांत ती मले म्हणे, घ्या बाई, तुमच्या गुंडातलं पाणी प्या."

दौलतराव आता छपराकडं पाहत नव्हते.

त्यांना आठवत होतं ते वेगळंच. भागिरथाबाईंच्या भावानं घरभरणीला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, आणि ते दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. तेव्हापासून दौलतरावांना एक कायमचं हत्यार मिळालं होतं. सासरची माणसं आली, की जेवताना ते म्हणायचे, "माह्या बहिणीनं पितळेचा गुंड देल्ला. तुह्या भावानं घड्याळ. पितळ ते पितळ." बायकोशी वाद झाला, की शेवटी गुंडच निघे. तीस वर्षं. दरवेळी भागिरथाबाई म्हणायच्या, "हो, ते तं खरं हाये," आणि त्याच गुंडातून त्यांना पाणी द्यायच्या. एकदा मात्र त्या इतक्या हसल्या की पोळपाट तसाच टाकून उंबऱ्यावर बसल्या. दौलतरावांना तेव्हा वाटलं होतं की आपण जिंकलो.

"आन रे तो कागद," धुरपताबाई उत्कर्षला म्हणाली.

"आत्याबाई, घाई नाई..."

"आन म्हटलं ना. हे घर तिनं उभं केलं. माह्या बापाची जागा असन, पण माही लाज तिनं राखली ह्या घरात. मी तिच्या लेकराच्या आडवी येऊ? माहा काय हिस्सा?" तिनं गुंड मांडीवरून न उतरवताच पेन घेतलं आणि रिकाम्या रेघेवर, जीभ दातात धरून, एक एक अक्षर काढलं. सही वाकडी झाली, पण पूर्ण झाली.

उत्कर्षनं कागद हवेत धरून वाळवला. त्याचे डोळे भरले होते आणि तो खूशही होता. पाच महिन्यांत जे जमलं नव्हतं ते बाबांच्या कृपेनं जमलं होतं, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

दौलतराव उठले, हरिसिंगजवळ गेले आणि म्हणाले, "जाय आता तू."

"काकाजी, गुंड?"

"जाय म्हटलं ना!"

*

जगदेव सर बायकोला मोटारसायकलवर घेऊन आले तेव्हा अंगणात रडून झालेली माणसं उभी होती. सरांना वाटलं, घर सोडायचं म्हणून. ते अवघडले. त्यांना समोरच्या खोलीत बसवून चौघं चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरले. दौलतरावांनी दार लोटलं.

"गुंड म्या टाकला," ते म्हणाले.

"काय?" धुरपताबाई म्हणाली.

"पहाटे. माळ्यावरून काढला अन् गाडीवर ठेवला. तुले राग यावा, तू सही करू नये, म्हणून."

धुरपताबाईला हे समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे मी भांडखोर हावो, ह्या भरवशावर?"

"हो."

तिनं ओट्यावरची सांडशी उचलून त्यांच्या दंडावर मारली. जोरात नाही, पण अगदीच हळूही नाही. "दौलत, साठी उलटली तुही! पोराले नाई म्हणाले बहिणीचं भांडण भाड्यानं आणतं? अन् वरून लेकरायवर टाकून मोकळा झाला! मी असतो तुह्या जागी तं, म्हणे!"

"मले माहीत होतं," स्नेहा पातेल्यात साखर टाकत म्हणाली. "बाबांच्या पाठीला माळ्याची जाळी लागली हाये सकाळपासून. म्या म्हटलं, पाहू तं खरं काय करतात."

"तुले माहीत होतं?" उत्कर्षचा आवाज चढला, मग समोरच्या खोलीची आठवण होऊन उतरला. "बाबा, पाणी वरून येते सांगतलं तेबी मुद्दामच ना? शेजार सांगतला तेबी? मंग त्या दिवशी मले हो काहून म्हटलं?"

"त्या दिवशी मी सगळ्यालेच हो म्हणत होतो. तू म्हटलं असतं, तहसील कचेरी विकू, तं म्या त्यालेबी हो म्हटलं असतं."

"अन् त्याच्यानंतर पाच महिने?"

 चहा उकळायला लागला.

"मले इथून जायचं नाई, उत्कर्ष," ते म्हणाले.

एवढं एक वाक्य बोलायला त्यांना पाच महिने, एक शिडी आणि एक सांडशी लागली.

उत्कर्ष पाटावर बसला. रागावलेला नव्हता; थकलेला होता. "बाबा, मांगच्या महिन्यात तुमी गॅस चालू ठेवून फिराले गेलते. कमलीकाकूनं येऊन बंद केला. त्यायनं मले फोन केला. तुमाले सांगतलं नाई म्या. तवापासून रोज सकाळी सहाले माही झोप उघडते अन् मी तुमाले फोन लावतो. तुमी म्हणता, कायचा फोन? म्या म्हणतो, सहज. सहज नाई करत मी."

 दौलतरावांनी शेगडीचं बटण हातानं चाचपून पाहिलं.

"दादा," स्नेहा म्हणाली, "गॅसचं पाहू काई. मी महिन्यातून दोनदा येतो. अकोला काय लांब हाये?"

"तू तं माह्या बाजूनं होती!"

"होती. सकाळपर्यंत." तिनं चहा गाळायला घेतला. "बाबा पाच महिने नुसते बसून होते, दादा. विचारलं तं हो, वाढलं तं जेवण. आज पहाटे शिडीवर चढले. चढायले नाई पाह्यजे होतं, ते वेगळं. पण खोड्या सुचून राह्यल्या त्यायले. पुण्याच्या फ्लॅटमधी ते कोणाच्या खोड्या करतीन? लिफ्टच्या?"

धुरपताबाई हसली आणि लगेच परत गंभीर झाली. "माही सही मी फाडत नसतो, सांगून ठेवतो. ती तिच्यासाठी केली. कागद राहू द्या पेटीत. पण दौलत, पोराचं ऐक नाई तं पोराले समजावून सांग. मले मधात घेशीन तं ही सांडशी हाये."

उत्कर्ष गॅसच्या शेगडीकडं पाहत राहिला, जणू तीच या घरातली वडीलधारी होती. मग उठला.

"ठीक हाये," तो म्हणाला. "पण सरांना तुमी सांगा. मी नाई सांगणार, स्नेहा नाई, आत्याबाई नाई. तुमच्या तोंडानं, समोर बसून, नाई म्हणा. तेवढं जमलं तं मी समजीन की तुमाले एकटं राहता येते. मंग लगेच रंगवाल्याले खाली उतरवतो. नाई जमलं, तं उद्या सोमवारी व्यवहार."

"एवढंच ना?" दौलतराव म्हणाले.

"एवढंच."

त्यांनी ट्रे घेतला. 

समोरच्या खोलीत सरांच्या बाईंनी खिडकी विती टाकून मोजली होती, साडेपाच विती भरली होती. सर बाबासाहेबांच्या फोटोखाली नीट पाय जुळवून बसले होते, जसं कोणाच्या घरी पहिल्यांदा बसावं तसं.

"काका, घर फार आवडलं," सर म्हणाले. "हिला तर फाटकातूनच आवडलं. हल्ली असा ओटा कोण बांधतं?"

"सर," दौलतराव समोर बसत म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"बोला ना."

दाराच्या फटीत तीन डोकी एकावर एक आली.

"चहात साखर बरोबर झाली का?"

"अगदी बरोबर."

मधलं डोकं हललं. वरच्यानं त्याला चिमटा काढला असावा.

"काका," सरांच्या बाई म्हणाल्या, "भिंतीचा हा खिळा राहू द्याल का? मला कॅलेंडरला होईल."

"हो," दौलतराव म्हणाले.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक सांडशी.  भागिरथा हे कसं करायची? ती आधी विचारपूस करायची, लेकरंबाळं विचारायची, पाणी द्यायची, आणि मग बोलता बोलता, माणसाच्या हातात फुटाणे ठेवावेत तसं, 'नाही' ठेवून द्यायची. त्यांनी सरांना किती लेकरं विचारलं. दोन होती. गाव विचारलं. इंझोरीचे होते. इंझोरीला दौलतरावांची रात्रवस्तीची गाडी होती सहा वर्षं, त्यात पंधरा मिनिटं गेली. सरांच्या वडिलांना ते ओळखत असल्याचं निघालं. त्यांनी एकदा पावसात अडकलेल्या गाडीला धक्का मारला होता. आता तर आणखीच अवघड झालं.

"सर, एक सांगायचं होतं," त्यांनी परत सुरुवात केली.

सरांनी कप खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. "काका, उद्या कचेरीत भेटूच की. निवांत बोलू. निघतो आम्ही." ते उठलेही. बाईंनी पदर सावरला.

"बसा!" दौलतराव इतक्या जोरात म्हणाले की सर परत बसले. "असे कसे जाता? जेवूनच जा. स्नेहा! सर जेवाले हाये!"

 मग धुरपताबाईचं पुटपुटणं ऐकू आलं, परात ओढल्याचा आवाज आला, आणि उत्कर्षनं रंगवाल्याला ओरडून सांगितलं की तू शिडीवरच थांब, खाली उतरू नको, पण रंगही लावू नको.

सगळ्यांच्या भाकरी झाल्या, वांग्याची भाजी झाली, ठेचा झाला. सर आग्रहानं तीन भाकरी जेवले. बाईंनी ठेच्याची कृती विचारून घेतली. दौलतराव त्यांच्या समोरच बसले होते, प्रत्येक घासाला तोंड उघडत होते आणि त्यात घास घालत होते. सुपारी आली. फक्त सरांना नाही म्हणायचं अजून राहिलं होतं.